प्याला पुढे सरकवू नका

पत्र, थोडक्यात: "मी मिरजेची, वय ५९. सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं केलं, पण तोंडाने फार लागट बोलले. एकदा त्यांनी पाणी मागितलं, तर मुद्दाम उशीर केला. माफी मागायची राहिली आणि त्या गेल्या. तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, प्याला मी न घेताच पुढे देते, कारण मी अपात्र आहे. मंडळीपुढे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, म्हणजे साक्ष देताना, स्वतःला महापापी म्हणते, तर मंडळी म्हणतात, किती नम्र बाई! सून नर्स आहे. रात्रपाळी करून उपासनेला उशिरा येते, प्रार्थनेत पेंगते. तिला पापाची जाणीवच नाही. मी ख्रिस्ती म्हणून नम्रपणे कसं जगू?"

ताई, जय ख्रिस्त.

सुनेचा विषय तुम्ही शेवटी दोन-तीन वाक्यांत उरकलात. मला खरं बोलायचंय ते त्यावरच, पण आधी सासूबाईंचं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. तीन वर्षं असं काढलेल्या बाईच्या तोंडून वाकडा शब्द गेला, तर त्यात पाप किती आणि तुटलेली झोप किती, हे वेगळं करायला हवं. थकवा हे पाप नव्हे. पाणी मुद्दाम उशिरा दिलंत, ते मात्र पाप होतं. ते झाकू नका आणि फुगवूही नका. 'मी महापापी' म्हणणं सोपं असतं, त्यात नेमकं काहीच सांगावं लागत नाही. वर चारचौघांत कौतुक होतं, आणि स्पष्ट बोलते, ते तुम्हाला थोडं आवडायला लागलंय. पाळकसाहेबांना एकटं गाठून पाण्याची ती एक गोष्ट सांगा, त्यांच्यासोबत प्रार्थना करा. मग तो विषय साक्षीतून काढून टाका.

आता प्याला. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजन 'अयोग्य प्रकारे' खाण्यापिण्यावरून दम भरला, तो आपण अर्धाच वाचतो. त्याच अध्यायात थोडं वर बघा. तिथे काहीजण आधीच जेवून घेत होते, कोणी पिऊन तर्र होत होता आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत होते. त्यावर राग होता. शेवटी तो सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे उशिरा येणाऱ्यासाठीसुद्धा, ताई! पात्र माणसांनीच यायचं असतं तर त्या मेजाजवळ कोणीच उरलं नसतं, पाळकसाहेबही नाहीत.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर तुम्हाला पाठ असेल. राजाने त्याचं दहा हजार तालंतांचं कर्ज सोडलं आणि त्याने बाहेर पडताच सोबत्याचा शंभर दीनारांसाठी गळा धरला. उपदेशात ते शंभर दीनार नेहमी चिल्लर म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. शंभर दिवसांची मजुरी चिल्लर आहे का, हे आपल्याकडच्या ऊसतोडीच्या माणसाला विचारा. तेव्हा सुनेचं काही चुकतही असेल आणि ते तुम्हाला खरंच खुपत असेल. पण एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. तुमचं जे सोडलंय ते सहा कोटी दिवसांचं आहे. ती दया तुम्ही अजून घेतलेलीच नाही, मग सुनेला देणार कुठून? देवाने माफ केलं तरी मी स्वतःला अपात्रच ठरवणार, यात नम्रता कमी आणि हट्ट जास्त आहे.

मी साताऱ्याची म्हणून एक सांगते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, येशूला मानणाऱ्यांचा मेळा, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि तुम्ही पेंगणाऱ्या सुनेला जागा देईनात!

ती रात्रभर परक्या माणसांच्या कुशी बदलून येते. तुमच्या त्या तीन वर्षांचा थकवा घरात सर्वांत आधी तिला कळेल. सासूबाईंची गोष्ट तिलाही सांगा, पाण्यासकट. मात्र ती ड्यूटीवरून आल्या आल्या नको. आधी चहा द्या, झोपू द्या. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी शेजारी तिची जागा धरा आणि प्याला आला की घ्या. एखाद्या रविवारी ती आलीच नाही, तर कोणी विचारल्यावर 'झोपलीय' एवढंच सांगा.