मदर तेरेसांचे वर्णन करताना विकिपीडियाचे संपादक इतके का भांडतात? नव्या संपादकाने अशा लेखात पडावे का?

भांडतात, कारण प्रत्येक बाजूकडे दाखवण्यासारखे छापील पुरावे आहेत आणि प्रत्येकाला त्यातला आपल्या सोयीचा भागच दिसतो. वाद मुख्यतः तीन ठिकाणी होतात. मदर तेरेसा मूळच्या कुठल्या हे कसे लिहावे, त्यांच्या कार्यावरील टीकेला किती आणि कुठे जागा द्यावी, आणि चर्चने मान्य केलेले चमत्कार कोणत्या शब्दांत नोंदवावेत. यांपैकी दुसऱ्या मुद्द्यावर मी स्वतः प्रदीर्घ वाद घातला आहे आणि त्यात मला जे ऐकून घ्यावे लागले ते अजून विसरलेलो नाही, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो.

पहिला वाद माझ्या मते केव्हाच मिटायला हवा होता. २६ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचा जन्म झाला तेव्हा स्कोप्ये हे गाव ऑटोमन साम्राज्यात होते, बाल्कन युद्धांनंतर ते सर्बियाकडे आणि पुढे युगोस्लाव्हियात गेले, आणि आज ते उत्तर मॅसेडोनियाची राजधानी आहे. कुटुंब मात्र अल्बेनियन कॅथलिक होते. त्यामुळे दोन्ही देशांतील लोक त्यांना आपले म्हणतात. २००९ मध्ये अल्बेनियाच्या सरकारने त्यांचे पार्थिव अवशेष मागितले, तेव्हा त्या भारतीय नागरिक होत्या आणि आपल्याच देशात विसावल्या आहेत, असे उत्तर भारत सरकारने दिले. रक्ताने आपण अल्बेनियन, नागरिकत्वाने भारतीय आणि श्रद्धेने कॅथलिक धर्मभगिनी आहोत, हे मदर तेरेसांचे स्वतःचे म्हणणे व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या चरित्राच्या आरंभीच दिलेले आहे. जी स्त्री १९२९ च्या जानेवारीत या देशात आली आणि १९९७ मध्ये येथेच वारली, तिला लेखाच्या पहिल्या वाक्यात केवळ ‘परदेशी मिशनरी’ म्हणणे हे अपुरे आणि दिशाभूल करणारे वर्णन आहे.

आता दुसरा मुद्दा. मी वसईचा कॅथलिक आहे आणि माझी मावशी धर्मभगिनी होती. खेड्यातल्या दवाखान्यात तिने उभा जन्म काढला. लेखावर काम करताना मी हे कधी लपवले नाही. एका ज्येष्ठ संपादकांनी लेखाच्या प्रस्तावनेत असे वाक्य घातले की मदर तेरेसांनी कोलकात्यात कालीघाट येथे काढलेल्या ‘निर्मल हृदय’ या आश्रयगृहात मरणासन्न रुग्णांना मुद्दाम वेदनेत ठेवले जात असे, आणि त्याला संदर्भ दिला तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे तत्कालीन संपादक रॉबिन फॉक्स यांच्या १९९४ मधील लेखाचा. मी तो लेख मिळवून शब्दन् शब्द वाचला. फॉक्स यांची टीका गंभीर आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचे मला काहीच कारण नाही. निदानाकडे दुर्लक्ष होते, तीव्र वेदनाशामक औषधे ठेवलीच जात नाहीत, आणि म्हणून ही पद्धत हॉस्पिस चळवळीपेक्षा, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या वेदना कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेपेक्षा, स्पष्टपणे वेगळी आहे, असे त्यांनी लिहिले आहे. तीव्र तापाच्या एका तरुण रुग्णाला आधी भलतीच औषधे दिली गेली आणि नंतर आलेल्या डॉक्टरांनी मलेरियाची शक्यता ओळखून औषध बदलले, हे उदाहरणही त्यात आहे. परंतु त्याच लेखात तेथील स्वच्छता, जखमांची देखभाल, कोणालाही दारातून परत न पाठवण्याची रीत आणि सेवेतील माया यांची प्रशंसाही आहे. रुग्णांना मुद्दाम वेदनेत ठेवण्याचा आरोप त्यात कोठेही नाही.

मी ‘मुद्दाम’ हा शब्द काढला आणि फॉक्स यांचे नाव घालून त्यांचे दोन्ही बाजूंचे निरीक्षण लिहिले. ते उलटवले गेले, म्हणजे आधीचा मजकूर परत आणला गेला. संपादक जेथे मजकुराविषयी बोलतात त्या लेखाच्या चर्चा पानावर मी मूळ परिच्छेद दाखवला, तेव्हा त्याला उत्तर न देता मला सांगण्यात आले की आपण ख्रिस्ती असल्याने या लेखात आपला हितसंबंध गुंतलेला आहे, तरी आपण दूर राहावे. हे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. एखाद्या संस्थेकडून वेतन घेणे किंवा तिचे पद भूषवणे हा हितसंबंध होय; श्रद्धा असणे हा नव्हे. या न्यायाने तुकोबांवरील लेखाला वारकऱ्याने हात लावता कामा नये. शिवाय त्याच काळात एका भाविक ख्रिस्ती सदस्याने टीकेचा संपूर्ण विभाग वगळला होता आणि तो मीच परत आणला होता, हे त्या गृहस्थांनी सोयीस्करपणे दृष्टीआड केले. पत्रकार क्रिस्टोफर हिचन्स यांची टीका, कोलकात्यात वाढलेले डॉक्टर अरूप चॅटर्जी यांचे आक्षेप, माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये केलेली चिकित्सा, हे सारे लेखात राहिलेच पाहिजे. ज्याचे म्हणणे त्याच्या नावावर राहावे, एवढाच माझा आग्रह होता.

त्यासोबत संदर्भही हवा. फॉक्स यांच्या लेखानंतर ‘लॅन्सेट’मध्येच वेदनाशमन क्षेत्रातील डॉक्टरांची पत्रे आली आणि भारतात तीव्र वेदनाशामके मिळवण्यात कडक कायद्यांसह अनेक अडचणी आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे येथील मोठ्या रुग्णालयांनाही दुष्कर झाले होते आणि कायद्यात दिलासा देणारी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. जगभरातून देणग्या मिळणाऱ्या संस्थेचा दोष याने पुसला जात नाही, पण वाचकाला हे ठाऊक असायला हवे. शेवटी प्रचालकांनी, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांनी, पानावरील संपादन काही काळ रोखले आणि ‘मुद्दाम’ हा शब्द गेला. माझ्या धर्माविषयीचा शेरा मात्र त्या पानाच्या इतिहासात तसाच आहे.

चमत्कारांबाबत फारसे भांडण्याची गरज नाही. २००३ मधील धन्यघोषणेसाठी (संतपदाच्या आधीच्या पायरीसाठी) व्हॅटिकनने पश्चिम बंगालमधील एका महिलेची रोगमुक्ती चमत्कार म्हणून मान्य केली, आणि ती औषधोपचारांनी बरी झाली असे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही वाक्ये एकापाठोपाठ लिहावीत.

तुम्ही अवश्य पडा. मात्र सुरुवात प्रस्तावनेपासून करू नका. आधी एखादा संदर्भ मुळातून पूर्ण वाचा आणि लेखातील वाक्य त्याच्याशी ताडून पाहा. चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा कोणाचे संपादन उलटवले तर इंग्रजी विकिपीडियावर सदस्यत्व रोखले जाऊ शकते, म्हणून चर्चा पानावरच बोला, आणि समोरच्याने वीस हजार संपादने केली असली तरी तो आकडा संदर्भाच्या जागी स्वीकारू नका. तुमचा धर्म किंवा जात कोणी काढली, तर त्याच ठिकाणी संबंधित परिच्छेद पुन्हा उद्धृत करा आणि त्यावर उत्तर मागा. हा अनुभव एका लेखाचा आणि एका संपादकाचा आहे. मला मदत करणाऱ्यांत देवाधर्माला न मानणारे दोन सदस्यही होते, आणि फॉक्स यांच्या लेखाची प्रत मला त्यांपैकीच एकाने पाठवली होती.