स्पेनला निघण्याआधी 'सुब्सानार' शिका

बायको-मुलीला घेऊन व्हॅलेन्सियाला येताय, तर किती स्पॅनिश शिकून यावं आणि एकटं वाटतं का, असं विचारलंत. एकटं वाटतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. बाजारापुरती भाषा इथे आल्यावर जमते, कचेरीतली जमत नाही. म्हणून एक क्रियापद आधी पाठ करा: सुब्सानार, म्हणजे अर्जातली त्रुटी दूर करणं.

कागद कमी पडला की 'रेकेरिमिएन्तो', म्हणजे त्रुटी दूर करा अशी कचेरीची सूचना, येतं. स्पेनच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या, २०१५ च्या ३९ क्रमांकाच्या कायद्याचं ६८वं कलम त्रुटी दूर करायला १० दिवस देतं. हे कामकाजाचे दिवस. शनिवार, रविवार, सुट्ट्या सोडून, सूचना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. ऑगस्ट वगळू नका, तो न मोजण्याची सवलत कोर्टापुरती. ऑनलाइन सूचना १० दिवस उघडलीच नाही (इथे मात्र सुट्ट्याही धरतात), तर ती तुम्ही नाकारली असं मानून प्रकरण पुढे जातं. मुदत टळली की शेरा पडतो 'देसिस्तिदो': अर्जदाराने स्वतःच अर्ज सोडून दिला. महिनोन्‌महिने कागद जमवणाऱ्याबद्दल असं लिहितात, याची चीड मला आजही येते.

आपल्याकडची त्रुटी बरेचदा नावात निघते. बायकोच्या जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. स्पेनमध्ये लग्नाने बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला आणि 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र अपोस्टिल करूनच (म्हणजे परदेशात चालेल असा खरेपणाचा शिक्का घेऊनच) निघा. राज्य सरकारचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, मग 'त्रादुक्तोर खुरादो', म्हणजे अधिकृत शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर, हे सगळं इथून १० दिवसांत होत नाही. अडलंच तर मुदत संपायच्या आत 'आम्प्लिआथिओन दे प्लाथो', म्हणजे मुदतवाढ, मागा. जास्तीत जास्त ५ दिवस वाढतात, तेही अडचण पटली तर. अपोस्टिलला कागद दिल्याची पावती जोडा.

मुलीला शाळेत स्पॅनिशबरोबर वालेन्सियानो भाषाही असेल. परक्या पोरावर एकदम दोन भाषांचा भार पडतो, आणि हे आधी कुणी सांगत नाही. तिला आत्तापासून तयार करा.

रेकेरिमिएन्तोच्या उत्तरात वर 'एक्स्पेदिएन्ते'चा, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा, क्रमांक आणि खाली एवढंच: 'आपोर्तो ला दोकुमेन्ताथिओन रेकेरिदा' (मागितलेले कागद सादर करतो), मग कागदांची यादी. नुसता ईमेल पाठवू नका. 'रेखिस्त्रो'त, म्हणजे सरकारी आवक नोंदणीत, दाखल करा आणि तारखेची पोच, 'खुस्तिफिकान्ते', घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.