अंध मुलांना गडावर न्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

आधी मुलांशी बोला. कोणाला थोडं दिसतं, कोणाला अजिबात नाही, हे कळल्याशिवाय जोड्या लावू नका. हात धरून ओढत नेणं ही हमखास होणारी चूक. रुंद वाटेवर मुलाने तुमचं कोपर धरावं, अरुंद वाटेवर सॅकचा पट्टा. नुसतं 'सांभाळून' म्हटलं की काही कळत नाही; 'गुडघाभर पायरी, दरी डावीकडे' असं सांगा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांची धास्ती आपल्यालाच. कठडा हातात असल्याने त्या सोप्या जातात. खरा घाम फुटतो उतरताना, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर. २००१ मध्ये एव्हरेस्ट सर केलेले अंध गिर्यारोहक एरिक वाइहेनमायर पुढच्या माणसाच्या घंटेच्या आवाजामागे चालत. तुम्हीही सॅकला घुंगरू बांधा, बैलाचं असलं तरी चालेल.