सप्टेंबरला घाबरू नका : आर्सेनलच्या वेळापत्रकावर वाचकांचे प्रश्न

पहिल्या सहा सामन्यांत मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी आणि न्यूकॅसल! सप्टेंबरअखेर आपण विजेतेपदाच्या शर्यतीबाहेर पडणार का? (नाशिक)

आर्सेनल या आपल्या फुटबॉल क्लबचं इंग्लिश प्रीमियर लीगमधलं २०२५-२६ चं वेळापत्रक पाहिलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. १७ ऑगस्टला युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, मग घरी लीड्स, ३१ ला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर, पुढे घरी नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि सिटी, २८ सप्टेंबरला न्यूकॅसल. अ‍ॅनफिल्डवर आपण लीगचा सामना शेवटचा जिंकलो तो २०१२ साली.

मग एका रात्री मागच्या मोसमाचे सगळे निकाल वहीत उतरवून काढले. लिव्हरपूल, सिटी, युनायटेड, चेल्सी आणि टॉटनहॅम यांच्याशी मिळून दहा सामने : पाच जिंकले, पाच बरोबरीत, हार एकही नाही. सिटीला तर घरी ५-१ असं लोळवलं. अख्ख्या मोसमात हरलो चारच सामने. बोर्नमथकडून दोन्ही, न्यूकॅसलला एक आणि स्वतःच्या मैदानावर वेस्ट हॅमकडून एक. वर १४ बरोबरी. ब्रायटन आणि एव्हर्टनशी झालेले चारही सामने बरोबरीत सुटले, म्हणजे तिथेच आठ गुण गेले (विजयाचे तीन, बरोबरीचा एकच). लिव्हरपूल ८४ गुणांवर विजेते ठरले, आपण ७४ वर थांबलो. हा हिशोब मांडल्यावर माझी भीती जागा बदलून बसली : मोठ्या संघांवरून छोट्यांकडे.

या सहांतून ११ गुण आले तरी मी खूश असेन. यातला मला खरा सलणारा सामना न्यूकॅसलचा. मागच्या मोसमात तिथे आपण दोनदा हरलो, लीगमध्ये १-० आणि लीग कपच्या उपांत्य फेरीत २-०.

३१ ऑगस्टला घरी गौरी येणार आणि त्याच दिवशी लिव्हरपूल. सामना कधी? (सातारा)

रात्री ९ वाजता. आमच्याकडे त्या दिवशी मुखवटे बसवणं, साड्या नेसवणं यातच संध्याकाळ सरते. मी आईला आत्ताच सांगून ठेवलंय की आरती साडेआठला उरकू. तिने होकार दिलाय, अट एकच : गोल झाला तरी ओरडायचं नाही. १३ सप्टेंबरचा फॉरेस्टचा सामना मात्र संध्याकाळी ५ ला आहे, घरातली मुलंही सोबत बसतील.

२६ ऑक्टोबरला इंग्लंडमधली घड्याळं तासभर मागे जातात, हे लक्षात ठेवा. शनिवारचे साडेसातचे सामने मग साडेआठला सुरू होतील आणि चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, बहुतेक रात्री साडेबाराऐवजी दीडला. सकाळची लोकल गाठणाऱ्यांनी नोव्हेंबरपासून रजा राखून ठेवाव्यात.

वेळापत्रक मुद्दाम आपल्याविरुद्ध लावतात का? (पुणे)

नाही. ३८० सामन्यांची जुळणी संगणकावर होते, पोलिसांचं आणि शेजारच्या क्लबांचं पाहून फेरफार होतात. कोणत्याही सलग पाच सामन्यांत घरचे-बाहेरचे शक्यतो तीन-दोन असे पडतात. सुरुवातीला किंवा शेवटी एकाच प्रकारचे दोन सलग देत नाहीत. आपली यादी या नियमांवर ताडून पाहा, बसते.

मग मोसमाचा निकाल लागणार कुठे? (डोंबिवली)

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. २२ नोव्हेंबरला घरी टॉटनहॅम, त्यानंतर आठवड्याच्या मध्यात चॅम्पियन्स लीग, २९ ला चेल्सीच्या मैदानावर, ३ डिसेंबरला घरी ब्रेंटफर्ड, ६ ला व्हिलाकडे. पंधरा दिवसांत पाच सामने. टीव्हीसाठी एखादी तारीख पुढेमागे होईल, पण भार तोच. मागच्या डिसेंबरात आपला आघाडीचा खेळाडू साका याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो तीन महिन्यांहून जास्त बाहेर राहिला. फेब्रुवारीपर्यंत जेझुस आणि हावर्ट्झ हे आघाडीचे खेळाडूही जखमी होऊन बाहेर गेले. लेस्टरमध्ये मधल्या फळीतला मेरिनो उतरला, पुढे खेळला आणि दोन गोल करून गेला, तेव्हा मी आनंदाने उडालो. सोबत हेही कळलं की आपल्याकडे दुसरा कुणी उरलेलाच नाही.

म्हणून नव्या आघाडीवीराचं, ग्योकेरेसचं येणं मला इतकं मोलाचं वाटतं. स्पोर्टिंग या पोर्तुगीज क्लबसाठी त्याने गेल्या मोसमात ५४ गोल केले. पोर्तुगालमधले आकडे इंग्लंडमध्ये जसेच्या तसे उतरत नाहीत. पण समोरच्या संघाचे सगळे अकरा जण स्वतःच्या गोलजवळच्या बॉक्ससमोर भिंत बांधून उभे राहिले की त्या गर्दीत घुसून खांद्याने जागा काढणारा माणूस लागतो. मागच्या १४ बरोबरींपैकी पाच जरी त्याने विजयात बदलल्या, तरी ७४ चे ८४ होतात.

१८ एप्रिलला सिटीच्या मैदानावरचा सामना सगळेच कॅलेंडरवर खूण करून ठेवतील. मी आणखी एका तारखेवर खूण केलीय : ३ जानेवारी, बोर्नमथ, त्यांच्या मैदानावर.