आर्नॉल्ड श्वार्झनेगर यांच्याआधी चित्रपटांत यशस्वी झालेला शरीरसौष्ठवपटू कोण?

आर्नॉल्ड यांच्याआधी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकून कोणी चित्रपटांत खरोखर नाव कमावले होते का, असे आपण विचारले आहे. स्टीव्ह रीव्ह्ज यांनी ते कमावले होते, आणि आज त्यांचे नावही फारसे कोणाला ठाऊक नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

रीव्ह्ज यांचा जन्म १९२६ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात झाला. ते तान्हे असतानाच वडील शेतावरील अपघातात वारले, आणि पुढे आईबरोबर कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आल्यावर तिथल्या एड यारिक यांच्या व्यायामशाळेत त्यांचे शरीर घडले. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये सैनिक म्हणून राहून परतल्यानंतर १९४७ मध्ये ते 'मिस्टर अमेरिका' आणि १९५० मध्ये लंडनला 'मिस्टर युनिव्हर्स' झाले. त्या स्पर्धेत दुसरे आलेले रेग पार्क पुढे स्वतः पडद्यावर हर्क्युलिस, म्हणजे ग्रीक-रोमन पुराणकथांतला बलाढ्य वीर, झाले आणि लहानग्या आर्नॉल्ड यांचे दैवत ठरले.

रीव्ह्ज यांचा भर आकारापेक्षा प्रमाणबद्धतेवर होता. मान, दंड आणि पोटरी या तिन्हींचा घेर सारखा असावा, असा त्यांचा आग्रह असे. व्यायामशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना मी त्यांची त्या काळातली छायाचित्रे आवर्जून दाखवतो, कारण रुंद खांद्यांखाली इतकी बारीक कंबर असूनही ते शरीर कुठेही बेढब वाटत नाही.

हॉलिवूडला मात्र हे शरीर नकोसे होते. दिग्दर्शक सेसिल डमिल यांनी बायबलमधल्या बलदंड सॅमसनच्या भूमिकेसाठी त्यांचा विचार केला, पण वजन उतरवायला सांगितले, आणि अखेर ती भूमिका व्हिक्टर मॅच्युअर यांच्याकडे गेली. रीव्ह्ज यांचे नशीब उघडले ते इटलीत. दिग्दर्शक पिएत्रो फ्रान्चिस्की यांच्या १९५८ च्या 'हर्क्युलिस'ने त्यांना युरोपात तारा बनवले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतही चित्रपटगृहे भरली. या चित्रपटांत त्यांचा आवाज दुसऱ्याचा असे, म्हणून त्यांच्या अभिनयाला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. चालण्यात, थांबण्यात आणि नजरेत जे दिसते ते त्यांचेच आहे.

साहसदृश्येही ते स्वतःच करीत, आणि तेच त्यांना भोवले. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या अखेरच्या दिवसांवरील चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांचा रथ झाडावर आदळून खांदा निखळला, आणि त्यानंतर पाण्याखाली पोहण्याचे दृश्य करताना ती दुखापत आणखी बळावली. पुढचे बरेच चित्रपट त्यांनी तो खांदा सांभाळत केले. १९६८ साली, स्वतः लेखनात सहभागी असलेला एक वेस्टर्न चित्रपट करून ते पडद्यावरून निवृत्त झाले.

उरलेले आयुष्य त्यांनी कॅलिफोर्नियात मॉर्गन जातीचे घोडे पाळण्यात, झपझप चालण्याच्या व्यायामाचा प्रसार करण्यात आणि स्नायू वाढवणाऱ्या औषधांशिवाय शरीर कमावण्याचा ठाम पुरस्कार करण्यात घालवले. १ मे २००० रोजी त्यांचे निधन झाले.