देवीने नेले, त्याची भरपाई मागावी का?

मराठवाड्यात पाऊस पडला नाही तरी आणि फार पडला तरी, ‘आपले काही चुकले म्हणून देवाने हे केले का?’ हा एकच प्रश्न घेऊन माणसे समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात. त्याला सरसकट उत्तर देणे मला जमत नाही, म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या एका मावशींची हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, सांगते.

२ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता, आणि त्याच सुमारास झालेल्या अतिवृष्टीत ओढ्याचे पाणी शिरून मावशींचे सोयाबीन मातीसकट खरडून गेले. नवरात्रात मुलगा त्यांना घेऊन आला. ढग गडगडला की त्या उठून देवघरापुढे बसतात आणि उजाडेपर्यंत हलत नाहीत, ही त्याची तक्रार होती. मावशींचे दुखणे निराळे होते. घराणे तुळजाभवानीचे, थोरल्याच्या लग्नानंतरचा गोंधळ पैशाअभावी दोन वर्षे राहिलेला, आणि एका देवऋष्याने ‘हा देवीचा कोप’ असे सांगून ठेवलेले. त्यातच धाकट्याने ७२ तासांच्या आत पीकविम्यासाठी नुकसानीची सूचना दिली, तेव्हा त्यांना ते दुसरे पाप वाटले.

“देवीनं नेलं ते नेलं, ताई. तिच्या निकालावर भरपाई मागायची म्हणजे तिच्याशीच भांडण की हो.”

या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशांना ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे समजावीत असे आणि ती माणसे पुन्हा फिरकत नसत. त्यांचे बरोबरच होते. श्रद्धा हा ज्याचा शेवटचा आधार आहे, त्याच्या हातून तीच काढून घेणे म्हणजे समुपदेशन नव्हे. म्हणून मी एवढेच विचारले, की ओढ्याकाठी आणखी कुणाचे गेले? मावशींनी बोटांवर सात घरे मोजली. त्यांतल्या एकाने त्याच वैशाखात गोंधळ घातला होता, हे सांगताना त्यांचे बोट तिथेच थांबले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून निजलेली माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्यांची कोणती सेवा राहिली होती, असे मी विचारले, तेव्हा मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग मी म्हटले, “मावशी, निकाल देवीचा असेल तर तो वाचून दाखवायचा अधिकार देवऋष्याला कुणी दिला? आणि तुम्हाला तरी?”

पुढच्या भेटीला त्या शुक्रवारी आल्या आणि कापडी पिशवीत परडी होती, कारण परतताना पाच घरी जोगवा मागायचा होता. बांबूची परडी हळदी-कुंकवाने माखलेली, तळाशी कवड्या आणि त्यांच्या खाचांत जुन्या पिठाची पांढरी रेघ.

“पहिल्या घरी काय मिळंल हे ठाऊक असतं का?” मी विचारले.

“न्हाई. मूठभर पीठ, न्हाईतर नुसतंच ‘पुढं व्हा’.”

“मग दारात उभ्या कशाला राहता?”

“मागितल्याबिगर कसं? मागणं हीच तर सेवा.” एवढे बोलून त्या परडीकडे पाहत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “म्हंजे पोराचंबी मागणंच झालं की.”

मला जे तासभर बोलून सांगता आले नसते, ते त्यांच्याच आचारात होते. देवाच्या न्यायावर विसंबणे म्हणजे पंचनाम्याच्या वेळी घरात बसणे नव्हे. ओंजळीत काय पडेल ते त्याच्यावर सोडायचे, पण ओंजळ आपणच पुढे करायची असते.

एक मात्र सांगते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावेच. १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर सरकारी मदत फुकट मिळते. मावशींनाही मी आधी डॉक्टरांकडेच पाठवले होते.

दिवाळीनंतर त्या शेवटच्या आल्या तोवर विम्याचे पैसे आलेले नव्हते. ज्या वर्षी जमेल त्या वर्षी गोंधळ घालते, असे त्यांनी देवीला सांगून टाकले होते. रात्री गडगडले की अजूनही जाग येते, पण आता आधी बाहेर जाऊन माळावरच्या थोड्याफार सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री नीट आहे का ते बघतात, देवघरापुढे उभ्यानेच हात जोडतात आणि परत अंथरुणावर पडतात.