अवचित धक्के सोसणाऱ्या दोन यंत्रांची तुलना सरासरी आयुष्यावरून करावी का?

अवचित धक्के सोसणाऱ्या दोन यंत्रांपैकी ज्याचे सरासरी आयुष्य जास्त तेच घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे, कारण जालना तालुक्यातल्या आमच्या मोसंबीच्या बागेने त्याची किंमत मोजली आहे.

आमच्या डीपीवर (शेतांना वीज देणाऱ्या रोहित्रावर) वर्षाला साधारण तीन मोठे धक्के बसतात. कधी एक फेज जाते, कधी व्होल्टेज एकाएकी चढते. त्या डीपीवरच्या कोणाची बोअरची मोटार कितव्या धक्क्याला जळाली, हे मी वहीत लिहीत असे. ढोबळमानाने एका प्रकारची मोटार दोन धक्के सोसून तिसऱ्याला जळे. दुसऱ्या प्रकारची, नवी असो वा जुनी, दर धक्क्याला चारांत एक या प्रमाणात जळे. म्हणजे सरासरी आयुष्य पहिलीचे १२ महिने, दुसरीचे १६. थोरल्या बंधूंनी एवढेच पाहून चैत्रात दुसरी मोटार बोअरमध्ये सोडली. मी पॉयसाँ प्रक्रिया धरून, म्हणजे धक्के ठरावीक सरासरीने पण एकमेकांशी संबंध नसताना केव्हाही बसतात असे मानून, केलेले गणित त्यांना दाखवले होते: पावसापर्यंतचे दोन महिने निभावण्याची शक्यता पहिलीची सुमारे ९९ टक्के, दुसरीची ८८, दुसरी वरचढ ठरते ती दहा महिने उलटल्यावर. वैशाखात पहिल्याच धक्क्याला मोटार जळाली, ती वर काढून रिवाइंडिंग करून पुन्हा सोडेपर्यंत अकरा दिवस गेले आणि वडिलांनी लावलेली झाडे डोळ्यांदेखत वाळली. दादा आजही त्याला नशीब म्हणतात.

एसारी, मार्शल आणि प्रोशन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेल्या धक्क्यांच्या गणिती प्रतिमानात तुलनेचा आधार वेगळा आहे: कितीही धक्के मोजा, तेवढे सोसून टिकण्याची शक्यता एका यंत्राची दर वेळी दुसऱ्याइतकी किंवा जास्त असेल, तर ते कोणत्याही मुदतीला सरस ठरते. आमच्या मोटारींत तसे नव्हते, म्हणून गरजेची मुदत आधी ठरवणे भाग होते.

अर्थात दोन्ही यंत्रांना सारखेच धक्के बसतात, हे यात गृहीत आहे. अवकाळीत विजा लागोपाठ पडतात, तेव्हा पॉयसाँचा हिशेब चुकतो. एक मोटार जळाल्याने काही सिद्ध होत नाही, हेही मला मान्य आहे. आणि वापरलेली मोटार घ्यायची असेल, तर दोन धक्के खाल्लेल्या पहिल्या प्रकारच्या मोटारीपेक्षा दुसरी केव्हाही बरी. तेवढ्यापुरते दादांचे म्हणणे खरे आहे.